केंद्राच्या जमिनीत आमचा गडू

जर्मनीच्या केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीत माझ्या सासूबाईंनी तांब्याचा गडू पुरला, तेव्हा पहाऱ्याला मी उभी होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू मांडत बसायला नको. मला बाजू नव्हतीच. फाटकावर पाटी होती, पाटीवर 'खोदकामास सक्त मनाई' असं लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं आणि सासूबाईंना मराठीत सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "ते खणणाऱ्यांसाठी आहे गं. आपण पुरतोय." यावर मला इतकं हसू आलं की विरोध करायचं राहूनच गेलं.

नको तिथे हसणं हा माझा जुना आजार आहे. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी हसले होते. ड्रेस्डेनच्या ज्या चिप-कारखान्यात मी काम करते, तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आत जावं लागतं, आणि मास्कच्या आत हसलं की चष्म्यावर वाफ धरते, हे मी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. घाबरले की तर हसू दुप्पट येतं. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव. मी म्हणते, डॉक्टरसमोर हसले तर?

आम्ही राहतो ड्रेस्डेनपासून एस-बान लोकलने अर्ध्या तासावरच्या एका लहानशा गावात, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या खालच्या मजल्यावर एक माजी सैनिक राहतो. वय पन्नाशीच्या आसपास, एकटा, जर्मन सैन्यात वैद्यकीय मदतनीस होता, अफगाणिस्तानात दोन वेळा जाऊन आला. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि या माणसाने न विचारता आमचं वॉशिंग मशीन एका दोस्ताला हाताशी धरून वर आणून ठेवलं. वर आणल्यावर म्हणाला, "आल्झो," म्हणजे तर मग, "पाण्याची नळी मीच लावतो, तुम्ही चुकीची लावाल." तेव्हापासून तो आमचा. नाव सांगत नाही, सासूबाई त्याला 'फौजी' म्हणायच्या, तेच पुरे.

फौजी आणि त्याच्यासारखे सात-आठ जण दर बुधवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत जमायचे. जुन्या सायकली दुरुस्त करायचे, एकमेकांच्या पेन्शनचे आणि उपचारांचे अर्ज भरायचे, आणि बऱ्याचदा नुसतेच बसायचे. एक बाई होती, लष्करी ट्रक चालवलेली. तिचं हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. मग इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. तळघर धुण्यासाठी आहे, सभांसाठी नाही, उन्हाळा संपेपर्यंत दुसरी सोय करावी.

सोय होती, म्हणजे होऊ शकत होती. गावाच्या कडेला लष्कराचं एक जुनं कोठार होतं: एक लांबलचक गाड्यांची शेड, काँक्रीटचं आवार आणि मागे मोठं गवताळ मैदान. लष्कर कधीच निघून गेलेलं, पण जमीन अजून बुंडची, म्हणजे केंद्राची. बरीच वर्षं पत्रापत्री झाल्यावर केंद्राने मान्य केलं होतं की ही जमीन गावाला द्यायची, पण माजी सैनिकांच्या कामासाठीच. तिथे सल्ला देणारा माणूस बसेल, आठवड्यातून दोन दिवस मनाचा डॉक्टर येईल, सायकलींचं वर्कशॉप होईल. फक्त नगरसभेने महिना संपायच्या आत ठराव करून ती स्वीकारायला हवी होती. नाहीतर देकार रद्द, आणि जमीन लिलावात. फौजीच्या दारावर त्या प्लॉटचा नकाशा चिकटवलेला होता. येता-जाता तो त्यावर बोट ठेवायचा, आपण देवळाबाहेरून जाताना छातीला हात लावतो तसा.

सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. सातारा जिल्ह्यातल्या, सुभेदाराची बायको. मामंजी निवृत्त होऊन घरी आले तेव्हाची गोष्ट त्या मला नेहमी सांगायच्या. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, घरात कुठे बसावं हेच त्यांना कळेना. ओट्यावर बसले की येणारे-जाणारे कामं सांगायचे. शेवटी ते रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून एसटी स्टँडवर जायचे आणि बाकावर पेपर वाचत बसायचे. कुठली गाडी पकडायची नसायची. जेवायच्या वेळेला परत. "सात वर्षं," सासूबाई म्हणायच्या, "सात वर्षं तो माणूस स्टँडवर बसला. फौजीला बसायला जागा लागते गं. पेन्शन काय, कुणीपण देतं."

त्यामुळे खालच्या फौजीची जमीन हा त्यांनी स्वतःच्या घरचाच प्रश्न करून टाकला. ठराव कधी, मतं किती, कोण आडवं येतंय, सगळं त्या मला विचारायच्या आणि मी फौजीला. शेवटी गावाने एका शनिवारी नागरिकांना जागा बघायला बोलावलं, आणि सासूबाई सकाळपासून पिशवी भरत होत्या.

"अहो आई, नुसतं बघायला जायचंय."

"जमिनीचं काम निघालंय आणि पूजा नाही? म्हणूनच अडलंय ते इतकी वर्षं."

नारळ त्यांनी उघड उघड फोडला, काँक्रीटच्या ठोकळ्यावर, एका दणक्यात. नगरपालिकेच्या बाई दचकल्या, मग खोबऱ्याचा तुकडा हातात आल्यावर खुलल्या. लोकांना वाटलं, खाण्यापिण्याचा कार्यक्रम आहे, रांगच लागली. विधवेने हे करावं का वगैरे विचारणारं तिथे कुणी नव्हतं, आणि असतं तरी सासूबाईंनी त्याच्या हातात खोबरं ठेवून त्याला गप्प केलं असतं. मग रांग चालू असतानाच त्यांनी मला डोळ्याने खुणावलं. शेडच्या मागे, उंदरांनी माती भुसभुशीत केलेल्या एका जागी, त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या उलथन्याने कोपरभर खड्डा केला. मी शेडच्या कोपऱ्यावर उभी राहून आकाशाकडे बघत होते. अशा वेळी माणसं आकाशाकडेच का बघतात कोण जाणे. गडूत अक्षता, हळकुंड, सुपारी आणि पाच रुपयांचं नाणं. तोंडाला लाल खण. वर माती. हात झटकून त्या म्हणाल्या, "झालं. आता बघ कसं पटापट होतंय."

झालं खरं पटापट.

ड्रेस्डेनच्या आसपास जमिनीत काहीही करायचं तर आधी ती तपासावी लागते. युद्धातले बॉम्ब अजून सापडतात. इथल्या लोकांना त्याची इतकी सवय आहे की घरं रिकामी करायचा निरोप आला तर ते आधी कॉफीचा थर्मास भरतात. आमच्या प्लॉटचीही तपासणी चालू होती, म्हणून तर ती पाटी. जमिनीत काही नाही असा दाखला मिळाल्याशिवाय नगरसभा ठरावाला हात लावणार नव्हती. जवळजवळ सगळं तपासून झालं होतं. शेडच्या मागचा पट्टा तेवढा राहिला होता.

त्या गुरुवारी मी कामावरून आले, तर फौजी जिन्यात बसलेला. पायरीवर, भिंतीला टेकून. चेहऱ्याला रंग नव्हता.

"काय झालं?"

"यंत्र वाजलं," तो म्हणाला. "शेडच्या मागे. धातू आहे, गोल, फार खोल नाही. सगळं काम थांबवलंय. मंगळवारी ठराव होता, तो आता नाही होणार. महिना संपतोय." मग, माझ्याकडे न बघता: "मला माहीत होतं. खाली काहीतरी असतंच. तिकडे अफगाणिस्तानात आमच्या पुढच्या गाडीतला माझा मित्र लघवीला म्हणून रस्त्यावरून खाली उतरला. चार पावलं. तेव्हापासून मी डांबर-काँक्रीटखेरीज कशावर पाय ठेवलेला नाही. बागेतसुद्धा नाही. मला वाटलं होतं, ही जागा तपासून मिळाली तर, निदान तिथे—"

आणि मी हसले.

आजही आठवलं की कानशिलं तापतात. खुदकन वगैरे नाही, चांगलं मोठ्याने, तोंडावर हात दाबूनसुद्धा थांबेना असं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले. लाज म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. मी दारातूनच म्हणाले, "आई, आपला गडू. त्यांना बॉम्ब वाटलाय तो." एवढंच सांगून मी जमिनीवर बसले आणि हसता हसता रडायला लागले. सोफ्यावर बसलेला नवरा उभा राहिला आणि म्हणाला, "आपला नागरिकत्वाचा अर्ज!" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि अनवाणीच खाली निघाल्या. मी मागोमाग.

त्या सरळ फौजीच्या शेजारी पायरीवर बसल्या. "फौजी," त्या मराठीत म्हणाल्या, "ते आमचं आहे. घरातलं भांडं आहे. मी पुरलंय. घाबरू नका."

मी भाषांतर केलं. त्याला समजेना. मी परत केलं. भांडं म्हणजे नक्की कुठलं, तांब्याचं का, आत तांदूळ का, हळद का, सुपारी नावाची वस्तू काय असते. मी एकेक सांगत गेले आणि तो एकेक गोष्ट बोटांवर मोजत गेला. शेवटी त्याने विचारलं, "पण जमिनीत का?"

"काम काढण्याआधी जमिनीला विचारतो आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "तुला त्रास देणार आहोत, चालेल का, म्हणून."

"आणि ती काय म्हणाली?"

"शिट्टी वाजवली की तिनं!"

हे मी कसं जर्मनमध्ये सांगितलं ते मला माहीत नाही, पण पोचलं. फौजीचे खांदे आधी हलायला लागले. मग तो पुढे वाकला, कपाळ गुडघ्यांवर टेकवलं, आणि असा हसला की तळमजल्यावरच्या आजीबाईंनी दार उघडून कोण आजारी आहे म्हणून विचारलं. सासूबाई त्याच्या पाठीवर थोपटत होत्या, ठसका लागलेल्याला थोपटतात तसं. मी त्याची माफी मागितली. मघाच्या हसण्याबद्दल, नीट शब्दांत, एकदाही न हसता. तो डोळे पुसत म्हणाला, "शोन गूट," म्हणजे जाऊ दे. पण त्याने माझा हात धरून ठेवला होता.

आता सरकारला सांगायचं होतं. फोनवरचा अधिकारी अतिशय सभ्य होता आणि त्याला विनोदाचं वावडं होतं.

"वस्तूचा व्यास?"

"आई, व्यास?" सासूबाईंनी हाताची मूठ उघडून दाखवली. मी म्हणाले, "साधारण बारा सेंटीमीटर."

"आतला पदार्थ?"

"तांदूळ, एक सुपारी, एक नाणं, एक हळकुंड."

"शेवटचा पदार्थ काय आहे?"

"मूळ आहे. पिवळं."

"ज्वालाग्राही?"

"नाही हो. आम्ही आमटीत घालतो."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला. त्याने खरंच लिहून घेतलं. मग म्हणाला की माहिती उपयुक्त आहे, पण डोळ्यांनी दिसेपर्यंत वस्तू अज्ञातच धरली जाईल, नियमच तसा आहे. आणि सोमवारी सकाळी नियमाप्रमाणेच ती काढली जाईल. नागरिकत्वाबद्दल मी विचारलं नाही. नवरा शेजारी उभा राहून खुणा करत होता, विचार, विचार, म्हणून.

सोमवारी जवळपासची घरं दोन तासांसाठी रिकामी झाली. लोक थर्मास, मांजराच्या टोपल्या आणि शब्दकोडी घेऊन शाळेच्या जिमकडे चालले होते, आणि सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून येईल त्याला हात जोडत होत्या. "माफ करा, गडू आमचा." मी प्रत्येकाला जर्मनमध्ये सांगत होते. पहिल्या दोघांना काही कळलं नाही. मग बातमी आपोआप पुढे पसरली, आणि लोक मुद्दाम आमच्या बाजूने वळून हात जोडून जायला लागले. एका आजोबांनी टोपी काढली.

आम्ही दोघी मात्र जिमला गेलो नाही. आम्हाला वस्तू ओळखायला म्हणून लांब, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागे, बसवलं होतं. फौजीने तिथे थांबायची परवानगी मागून घेतली होती. तो काँक्रीटवरच उभा होता. आमच्या शेजारच्या अधिकाऱ्याच्या हातातल्या वायरलेसवरून आत काय चाललंय ते ऐकू येत होतं, आणि मी ते सासूबाईंना हळूच मराठीत सांगत होते. शेडच्या मागे एक माणूस पोटावर पालथा पडून ब्रशने माती बाजूला करत होता.

"गोल वस्तू," वायरलेस म्हणाला. "तांबं. तोंडावर लाल कापड. सोन्याची किनार."

"जरीची आहे ती, सोनं नाही," सासूबाई मला म्हणाल्या. "सांग त्याला, उगाच घोटाळा नको."

"आत धान्य. एक परकीय नाणं. एक तपकिरी लाकडी गोळी—"

"सुपारी!" सासूबाई ओरडल्या. अधिकाऱ्याने यादीवर खूण केली. मी ओठ दाताखाली धरून बसले होते. फौजी हसत होता, आणि मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात वायरलेस म्हणाला, "थांबा. खाली अजून एक आहे."

अधिकारी उठून उभा राहिला. "लांबट. पोलाद. कडा धारदार. हे यादीत नाही." फौजीने माझा दंड पकडला. इतक्या जोरात, की दोन दिवस बोटं दिसत होती. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला त्या क्षणी हसू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घाबरले होते आणि हसू आलं नाही, आणि त्यामुळे मी आणखीच घाबरले. जमिनीत खरंच काही असलं तर? आमचा गडू नेमका त्याच्यावर बसवला असला तर? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या वर बघत होत्या, आकाशाकडे.

"आई?"

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "आठवडाभर तू उलथनं शोधत होतीस ना?"

मला नाही वाटत, जर्मन सरकारी वायरलेसवर 'आमलेट उलटायचं अवजार' हे शब्द त्याआधी कधी उच्चारले गेले असतील. ते उच्चारले गेले, मग आतला तो पालथा पडलेला माणूस हसायला लागला, आणि माझं सगळं तुंबलेलं एकदम सुटलं. मी वाळूच्या पोत्यावर डोकं ठेवून हसले. फौजीने माझा दंड सोडला आणि काँक्रीटवर फतकल मारून बसला. फक्त अधिकारी गंभीर होता. तो सासूबाईंना म्हणाला की यादी अपुरी दिली होती, हे योग्य झालं नाही. त्या म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. तीन महिन्यांत तेवढा एक शब्द त्या शिकल्या होत्या आणि तो त्यांनी बरोबर ठिकाणी वापरला. गडू आणि उलथनं आम्हाला सही घेऊन, क्रमांक टाकलेल्या दोन पिशव्यांतून परत मिळालं. पट्ट्याचा उरलेला भाग दुपारपर्यंत तपासून झाला.

मंगळवारी नगरसभेत ठराव झाला. एक सभासद उठून म्हणाले की मतदानाआधी त्यांना खात्री हवी आहे, त्या बाईंनी आणखी कुठे काही पुरलेलं नाही ना. सगळं सभागृह मागे वळून आमच्याकडे बघायला लागलं. सासूबाईंनी मला विचारलं काय म्हणतोय, मी सांगितलं, आणि त्यांनी उभं राहून दोन्ही हात रिकामे करून दाखवले. हात वर गेले ते सगळेच गेले. विरोधात एकही नव्हता. ट्रक चालवलेल्या बाईने शिट्टी मारली, आणि अध्यक्षांनी तिला समज द्यायची ती दिली, पण हसत.

हस्तांतर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झालं, एका स्वच्छ दुपारी, आवारातच. घडीचं टेबल, केंद्राच्या खात्याचा एक माणूस, गावच्या महापौरबाई, सह्या, किल्ल्या. महापौरबाईंनी किल्ल्या फौजीच्या हातात दिल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले. फौजीने किल्ल्या ट्रकवाल्या बाईकडे दिल्या आणि टेबलावरची फाइल पाहत म्हणाला, "तो दाखला मला बघायला मिळेल का? जमिनीचा."

केंद्राच्या माणसाने कागद काढून दिला. फौजीने खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागला, आधी मनात, मग मोठ्याने. प्लॉटचा क्रमांक, क्षेत्रफळ, तपासणीची पद्धत. शेवटचं वाक्य त्याने सावकाश वाचलं. संपूर्ण क्षेत्र तपासण्यात आले असून, जमिनीत कोणतीही धोकादायक वस्तू नाही. खाली सही, शिक्का. मी सासूबाईंच्या कानात मराठी करत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना कळलं होतं.

"याची एक प्रत मला हवी," तो म्हणाला. "इतकी वर्षं सगळे तोंडी सांगत होते."

नगरपालिकेच्या बाई म्हणाल्या, हीच ठेवा, आमच्याकडे आहे. त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि आवाराच्या कडेला गेला, जिथे काँक्रीट संपून गवत सुरू होतं. त्याचे सगळे दोस्त जागच्या जागी उभे होते, त्यांनाच बहुतेक सगळ्यात जास्त कळत होतं. त्याने एक पाय गवतावर ठेवला. मग दुसरा. मग पाचवं पाऊल टाकलं, आणि मग आम्ही मोजायचं सोडून दिलं, कारण तो चालतच गेला, पार पलीकडच्या कुंपणापर्यंत, गुडघाभर गवतातून, हात बाजूला पसरून. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ह्यांना बघायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

कुंपणाला हात लावून तो वळला आणि परत आला, येताना जवळजवळ पळत. पँटला कुसळं लागली होती, चेहरा लालबुंद झाला होता. महापौरबाई पुढे होऊन काहीतरी अभिनंदनाचं बोलणार होत्या. त्याने हाताने त्यांना थांबवलं.

"एक मिनिट हं," तो म्हणाला, "मी अजून एकदा जाऊन येतो." आणि आमच्या उत्तराची वाट न बघता वळलाच.